पवईची अर्धी राहिलेली प्रदक्षिणा

६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाच्या काठाने चाललेले सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचे काम बेकायदा ठरवले. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती व्ही. जी. बिष्ट यांच्या खंडपीठाने पुढचे काम तर थांबवलेच, शिवाय झालेला भराव आणि बांधकाम काढून जागा पूर्वी होती तशी करून द्या, असेही महापालिकेला बजावले. सार्वजनिक सोय पुरी व्हायच्या आधीच ती उखडून टाका, असा आदेश काही रोज निघत नाही. बरे, ही सोय उड्डाणपुलाची किंवा वाहनतळाची असती तर एक वेळ समजले असते. इथे मागणी होती चालायच्या आणि सायकल चालवायच्या वाटेची. धूर नाही, हॉर्न नाही, पेट्रोलचा थेंब नाही. तरी ती तलावाच्या मुळावर आली.

त्या वेळी झालेली चर्चा बहुतेक दोन टोकांना अडकली. एका बाजूला 'यांना प्रत्येक कामात खोडा घालायचा असतो', दुसऱ्या बाजूला 'यांना दिसेल तिथे काँक्रीट ओतायचे असते'. प्रकरण नीट पाहिले तर दोन्ही आरोप फारसे कामाचे नाहीत. सगळा घोळ एका रेघेने केला. तलावाभोवती वाट हवी म्हणजे ती तलावाला पूर्ण वळसा घालणारीच हवी, हे कुणी तरी आधीच गृहीत धरले आणि मग त्या वर्तुळाची टोके जुळवायला पाण्यात उतरावे लागले.

आधी तलाव समजून घेऊ

पवई तलाव नैसर्गिक नाही. टेकड्यांच्या मधल्या खोलगटात बांध घालून १८९० मध्ये तो तयार केला आणि त्यावर तेव्हा १२ लाख ५९ हजार रुपये खर्च झाले. हेतू मुंबईला पाणी पुरवण्याचा. शेजारचा विहार तलाव त्याच्या तीस वर्षे आधीचा. विहार आजही शहराला पाणी देतो. पवईचे पाणी पिण्याच्या कामातून केव्हाच बाद झाले आणि आता ते औद्योगिक वापराला आणि आरे वसाहतीला जाते. दर पावसाळ्यात पवई भरून वाहू लागला की महापालिका एक पत्रक काढते. त्यात हे पाणी पिण्यायोग्य नाही, हे वाक्य असतेच असते. ते लक्षात ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.

त्याच पत्रकात आणखी काही आकडे मिळतात. तलावाचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा ५४५ कोटी लिटर. साठ्याला पसाऱ्याने भागले तर सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर येते. बांधाजवळ पाणी बरेच खोल आहे, म्हणजे कडेला ते किती उथळ असणार, याचा हिशेब सोपा आहे. वाट आखणाऱ्याने सगळ्यात आधी पाहायचा आकडा हाच. खोल तलावात पाणी मीटरभर उतरले तरी काठ फारसा हलत नाही. पवईसारख्या ताटलीत तेवढ्याच उताराने काठ कितीतरी आत सरकतो. जुलैमध्ये जिथे कमरेएवढे पाणी असते तिथे मे महिन्यात भेगाळलेला चिखल, त्यावर उगवलेले गवत आणि मधूनच पाणकणसाचे बेट.

असा उथळ, वर्षातून एकदा बुडणारा आणि एकदा उघडा पडणारा पट्टा उन्हाळ्यात पाहिला तर पडीक जमीन वाटतो. नकाशावर तर तो दिसतच नाही, कारण नकाशात तलावाची एकच निळी कड असते. पण पाणथळीतला खरा संसार तिथेच चालतो. ढोकरी उभी राहते ती पाय टेकेल इतक्या पाण्यात. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि नर ती उबवतो. मासळीची पिल्ले मोठ्या माशांपासून लपायला याच गवतात शिरतात. आणि पवईत मगरी आहेत.

मगरीचे तर सगळे आयुष्य या उताराला बांधलेले. ऊन खायला तिला पाण्याबाहेर सरपटत येता येईल असा सौम्य उतार लागतो. अंडी ती पाण्यात घालत नाही. काठावर, पाण्याच्या पातळीच्या वर, मऊ जमिनीत खड्डा खणून घालते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ. एका खेपेला पंचवीस-तीस अंडी, आणि दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्ले बाहेर पडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने वाघाच्या पंगतीला. आयआयटीच्या आवारातून किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून पाण्याकडे बघणाऱ्याला ती क्वचितच दिसते. त्यामुळे ती तिथे आहे हे विसरणे सोपे.

वर्तुळाचा मोह

महापालिकेची योजना तलावाभोवती सुमारे १० किलोमीटरचा ट्रॅक करण्याची होती. ती का सुचली हे कळायला मुंबईच्या कुठल्याही उपनगरात सकाळी चालायला बाहेर पडून पाहावे. पदपथावर गाड्या, नाहीतर खोदलेले खड्डे, नाहीतर पदपथच नाही. ज्येष्ठ नागरिक रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालतात. सायकलवाल्याची तर गोष्टच सोडा. अशा शहरात एवढे मोठे पाणी आहे आणि त्याच्या काठाने निवांत चालता येत नाही, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. ट्रॅक मागणाऱ्या लोकांना मगरींचे वैर नव्हते.

पण वाट हवी आणि वर्तुळ हवे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. आपल्याला प्रदक्षिणेची सवय आहे. जिथून निघालो तिथे परत आलो की फेरी पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. उलट पावली परतायचे म्हणजे काहीतरी अर्धवट सोडल्यासारखे वाटते. शहरातल्या बांधीव तलावांनी ही सवय आणखी पक्की केली. ठाण्याचा मासुंदा तलाव घ्या, अहमदाबादचा कांकरिया घ्या. त्यांच्या कडा दगडी आहेत. पाणी वर आले काय, खाली गेले काय, कठडा जागचा हलत नाही आणि कठड्याबाहेर चालणाऱ्याने पाण्यातल्या कुणाचे घर मोडत नाही. तिथली गोल फेरी योग्यच. पवईची बहुतेक कड मात्र बांधीव नाही, ती मातीची आणि सरकती आहे. मासुंद्याचा नमुना इथे उचलून ठेवला की गणित बिघडते.

आता तलावाचा नकाशा समोर ठेवून ते वर्तुळ काढून पाहा. एका बाजूला वर्दळीचा जोडरस्ता पाण्याला जवळजवळ खेटून जातो. तिथे फिरण्याची जागा आणि विसर्जनाचा घाट आधीपासून आहे. दुसऱ्या बाजूला आयआयटीचे आवार. पुढे हॉटेल, वस्ती, झाडी. प्रत्येक ठिकाणी जमिनीचा कुणी ना कुणी मालक, प्रत्येकाची भिंत. वर्तुळ पुरे करायचे तर भिंतीच्या आत जायचे किंवा भिंत आणि पाणी यांच्या मधल्या उतारावर जायचे. आत जायला परवानग्या, भूसंपादन, सुरक्षेचे प्रश्न, कोर्टकचेऱ्या. उतारावर यातले काहीच नाही, कारण मगरीच्या नावावर सातबारा नसतो. शहरातले नाले, खाड्या आणि तलाव याच कारणाने आक्रसत गेले आहेत. जिथे हरकत घेणारा कमी, तिथून वाट निघते.

या वेळी हरकत घेणारे निघाले. आयआयटी मुंबईत पीएचडी करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये काम थांबवण्याचा अंतरिम आदेश मिळाला.

जाळीतले दगड

महापालिकेचा तांत्रिक मुद्दा ऐकण्यासारखा होता, आणि तो धुडकावून लावणाऱ्यांनी बहुधा तो नीट वाचला नसावा. आम्ही काँक्रीटची भिंत घालत नाही, गॅबियन वापरतो, असे पालिका म्हणत होती. गॅबियन म्हणजे जाड तारेच्या जाळीचा पेटारा. त्यात ओंजळीत मावतील एवढे किंवा त्याहून मोठे दगड हाताने रचून भरायचे, झाकण तारेने शिवायचे आणि असे पेटारे एकमेकांना बांधत एकावर एक चढवायचे. घाटरस्त्यांवर दरड थोपवायला, नदीकाठ सावरायला हे सर्रास वापरतात. त्याचा मोठा गुण असा की दगडांच्या फटीतून पाणी आरपार जाते. मागे पाण्याचा दाब साठत नाही, म्हणून भिंत फुगून कोसळत नाही. जमीन थोडी खचली तरी जाळी वाकते, तडकत नाही. सिमेंटच्या भिंतीपेक्षा हे केव्हाही बरे.

म्हणून पालिकेचे म्हणणे असे की यातून पाणी झिरपत राहील, तेव्हा तलावाचे काही बिघडत नाही.

पाणी झिरपेल, पण मगर झिरपत नाही. कासव झिरपत नाही. पाणकोंबडीची पिल्ले झिरपत नाहीत. गॅबियनने पाण्याची ये-जा सुटते, काठावरच्या जिवांची सुटत नाही. सौम्य उताराच्या जागी पायऱ्यांसारखी दगडी उभी चढण येते; ऊन खायची जागाही गेली आणि अंडी घालायची मऊ मातीही गेली. पुढे एक साधी गोष्ट राहते ती गाळाची. पवईत डोंगरउतारावरून आणि नाल्यांतून भरपूर गाळ येतो. तो दगडांच्या फटींत बसतो. आज आरपार वाहणारी भिंत काही पावसाळ्यांनंतर मातीने लिंपल्यासारखी होते, आणि झिरपण्याचा जो एकमेव युक्तिवाद होता तोही तिच्याबरोबर बुजतो.

याहून मोठा घोटाळा चित्रात कधीच दिसत नाही. संकल्पचित्रात सुबक दगडी पट्टी, वर डांबरी किंवा रंगीत मार्ग, दोन सायकलस्वार आणि एक उडणारा बगळा. पण ते पेटारे तिथवर पोचणार कसे? दगडाचे डंपर, पोकलेन, मुरूम. चिखलात डंपर रुततो, म्हणून आधी डंपरसाठी रस्ता लागतो, आणि तो रस्ता म्हणजे तलावाच्या पोटात टाकलेला भराव. म्हणजे ट्रॅकची रुंदी काही मीटर असली तरी मोडणारा पट्टा त्याच्या दुप्पट-तिप्पट. पाणथळीतल्या कुठल्याही कामाचा आराखडा समोर आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की यंत्र कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर येणार. उत्तर बहुतेक वेळा आराखड्यात नसते.

कायद्याची गाठ

या प्रकरणातला कायद्याचा भाग रुक्ष वाटेल, पण त्यात एक मजेशीर पेच आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन आणि व्यवस्थापन नियमांत पाणथळीची व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायमची किंवा तात्पुरती, साचलेली किंवा वाहती. मग त्यातून काही गोष्टी वगळल्या आहेत. नदीचे पात्र, भातशेती, मिठागरे, मत्स्यशेतीची तळी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली जलरचना आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव.

पालिकेने हाच शेवटचा धागा पकडला. पवई पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, म्हणून तो पाणथळ नाही, म्हणून नियम लागू नाहीत. ज्या तलावाचे पाणी पिण्यायोग्य नाही असे तुम्हीच दरवर्षी छापता, त्याच्या बचावाला १८९० चा हेतू उभा करायचा, यात थोडा विनोद आहे. व्याख्येच्या अक्षरावर बोट ठेवले तर युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता, कारण नियमात 'बांधलेले' असा शब्द आहे, 'आज वापरात असलेले' असा नाही. पण त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहचित्रांवरून नोंदवलेल्या देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना तेव्हा लागू असलेल्या २०१० च्या नियमांमधल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांचे संरक्षण द्या, असा आदेश दिलेला होता. इसरोच्या अहमदाबादच्या केंद्राने तयार केलेली ही यादी. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा त्यात आहेत.

२०१७ च्या नियमांतही कायम राहिलेला हा चौथा नियम वाट आखणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. पाणथळीचे दुसऱ्या वापरात रूपांतर आणि कोणत्याही प्रकारचे अतिक्रमण त्यात मना आहे. आणि एक अगदी मोजून सांगितलेली अट आहे: नियम लागू होण्याच्या आधीच्या दहा वर्षांतली सरासरी उच्च पूरपातळी घ्या, त्या रेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करू नका. सूट फक्त बोटींच्या धक्क्याला. उच्च न्यायालयाने पवईच्या भरावाला या चौथ्या नियमाचा भंग ठरवले.

आता त्या ५० मीटरला १० किलोमीटरने गुणा. वर्तुळाभोवतीचा बंदीचा पट्टा ५० हेक्टरांच्या घरात जातो, म्हणजे भरलेल्या तलावाच्या जवळपास एक चतुर्थांशाएवढा. पाण्याला चिकटून जाणाऱ्या नव्या पक्क्या वर्तुळाला त्यात जागाच उरत नाही. दगड जाळीत भरा की सिमेंटमध्ये. उद्या कुणी म्हणेल की भराव नको, खांबांवर लाकडी फळ्यांची वाट करू, तेही कायमस्वरूपी बांधकामच ठरण्याची शक्यता मोठी. परदेशातल्या पाणथळ उद्यानांची छायाचित्रे दाखवून 'असे करा' म्हणणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा.

मग चालायचे कुठे?

न्यायालयाने पवईला चालू नका असे म्हटलेले नाही. निकाल भराव आणि बांधकामाबद्दल आहे. त्यामुळे विषय तिथे संपला असे मानून वाट मागणाऱ्यांनी हात झटकायचे कारण नाही, आणि पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांनीही. उलट वर्तुळाचा हट्ट सोडला की बऱ्याच गोष्टी मोकळ्या होतात.

लंडनच्या पश्चिम भागात, थेम्सच्या वळणावर, बार्न एल्म्स नावाचे चार जुने तलाव होते. व्हिक्टोरियन काळातले, काँक्रीटच्या कडांचे, शहराला पाणी पुरवणारे, आणि पवईसारखेच पुढे त्या कामातून सुटलेले. ते फोडून, बुजवून, उथळ करून चाळीसहून जास्त हेक्टरांवर पाणथळ उद्यान तयार केले आणि २००० मध्ये ते लोकांना खुले झाले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रवेशाच्या जागेपासून वाटा दोन दिशांना फुटतात, पक्षी पाहायच्या लपणांपाशी जाऊन संपतात आणि आल्या वाटेने परत यावे लागते. मधल्या मोठ्या पाण्याला वळसा घालता येत नाही. हातात कोरी जमीन, पैसा आणि पूर्ण अधिकार असतानाही त्यांनी वर्तुळ जोडलेले नाही. पाण्याची एक बाजू माणसांवाचून ठेवली, म्हणूनच दुसऱ्या बाजूने बघण्यासारखे काही उरले.

यामागे पक्ष्यांच्या वागण्याचे साधे निरीक्षण आहे. प्रत्येक जातीचे पक्षी माणूस ठरावीक अंतरात आला की उडतात. मोठ्या पक्ष्यांचे हे अंतर सहसा जास्त असते. रोख त्यांच्याकडे असलेल्या माणसाला ते बाजूने निघून जाणाऱ्यापेक्षा लवकर बिचकतात. उडून पलीकडच्या काठावर बसता आले तर फारसे बिघडत नाही, फक्त थोडी शक्ती खर्च होते. पण वाट तलावाला पूर्ण वेढत असेल तर पलीकडचा काठही माणसांचाच असतो, आणि पक्षी सकाळभर इकडून तिकडे उडत राहतो किंवा तलावच सोडतो. त्यात सायकलची भर घाला. चालणारा ताशी पाच किलोमीटरने जातो, सायकल तिप्पट-चौपट वेगाने. दोघे एका पट्टीवर आले की म्हातारी माणसे कडेला ढकलली जातात, मग पट्टी रुंद करावी लागते, मग मध्ये कठडा, मग दिवे. दिवे आले की रात्रही गेली. पाण्याला लागून चालण्याची आणि सायकलची वाट एकत्र करू नये, हे माझे मत कायद्यावाचूनही तसेच राहील. सायकलला काठ लागत नाही. तिला सलग, सावलीचा, गाड्यांपासून वेगळा केलेला रस्ता लागतो, आणि तो जोडरस्त्याच्या रुंदीतून काढायचा असतो. तिथे मात्र हरकत घेणाऱ्या मोटारी असतात.

पवईला काय जमेल? जोडरस्त्याच्या बाजूला फिरण्याची जी जागा आहे ती नीट राखणे हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. तिथे कड आधीच माणसांची झालेली आहे. बाके, सावली, स्वच्छतागृह आणि रस्ता ओलांडायची सुरक्षित सोय, एवढे झाले तरी रोज चालणाऱ्यांची निम्मी तक्रार मिटेल. बाकीच्या काठावर असलेले रस्ते आणि पायवाटाच वापरायच्या, पाण्यापासून लांबून, आणि दोन-तीन ठरावीक ठिकाणीच पाण्याकडे फाटा काढायचा. फाट्याच्या टोकाला बांबूची किंवा गवताची आडोशाची भिंत, तिला डोळ्यांच्या उंचीवर फटी. अशी भिंत दर वर्षी नवी उभारता येते, तिला पाया लागत नाही. आडोशामागे उभ्या असलेल्या माणसाला बगळा जितका जवळ येऊ देतो तितका उघड्या ट्रॅकवर पळणाऱ्याला कधीच येऊ देणार नाही. फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत मगरींच्या बाजूचे फाटे बंद. हे माणसांच्या सुरक्षेसाठीही हवेच, कारण अंडी राखणारी मादी अंगावर येते.

हे सगळे करूनही तलाव बरा होणार नाही, हे ट्रॅकच्या भांडणात बाजूलाच पडले. पवईचे जुने दुखणे सांडपाणी आहे. त्यातली पोषकद्रव्ये खाऊन जलपर्णी माजते. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट पसरू शकते, आणि यंत्राने कितीही उपसली तरी नाला चालू असेपर्यंत परत येते. जलपर्णीच्या गालिच्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. ज्या पाण्याच्या काठाने चालायचे ते नाक दाबून चालण्यासारखे झाले तर दगड कुठले वापरले याची चर्चा व्यर्थ आहे. नाले वळवण्याचे आणि सांडपाणी प्रक्रियेचे काम दिसत नाही, त्याचे उद्घाटनही देखणे होत नाही, म्हणून ते ट्रॅकच्या मागे राहते.

काढणेही काम असते

निकालातला 'जागा पूर्ववत करा' हा भाग वाचायला सोपा आणि करायला अवघड. तारीख पाहा: ६ मे. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे भराव काढायला कोरडे दिवस उरले जेमतेम पाच आठवडे. तेच दिवस मगरीची पिल्ले अंड्यातून बाहेर येण्याचे. दगड काढायला पुन्हा तेच डंपर, तेच पोकलेन, तोच चिखल. घाई केली तर उरलासुरला काठ यंत्रांखाली जातो, थांबले तर पावसाचे पाणी मुरूम धुऊन तलावात पसरवते आणि मग तो वेचून काढता येत नाही.

अशा कामाचा क्रम टोकाकडून मागे यायचा असतो. भरावाच्या सगळ्यात आतल्या टोकाला यंत्र उभे करायचे, पुढचा भराव उचलायचा, मागच्या भरावावरून बाहेर न्यायचा आणि तसेच मागे मागे सरकत काठाला यायचे, म्हणजे यंत्राला नव्या चिखलात उतरावे लागत नाही. दगड आणि जाळी निघाल्यावर खाली दाबून कडक झालेली माती उरते. ती सैल केल्याशिवाय तिथे पाणकणीस रुजत नाही आणि मगरीला खड्डा खणता येत नाही. उतार पुन्हा सौम्य करावा लागतो, शेजारच्या न दुखावलेल्या काठाचा कोन मोजून. रोपे बाहेरून आणून लावायची गरज सहसा पडत नाही. चिखलातले बी आणि कंद दोन पावसाळ्यांत आपले काम करतात, फक्त त्यांना तुडवायला कुणी जाऊ नये.

आणि पुढचा कुठलाही आराखडा येण्याआधी एक काम कोणीही करू शकते. उच्च पूरपातळीची रेषा ठरवणे नदीकाठी वादाचे असते, पवईत नाही. हा बांध घातलेला तलाव आहे. सांडव्याची उंची ठरलेली आहे आणि तलाव त्या उंचीला पोचला की पाणी मिठी नदीकडे वाहू लागते. ते केव्हा वाहू लागले याची बातमीच येते. त्या दिवशी पाणी जिथवर आले असेल तिथे खुंट्या ठोकायच्या, खुंटीपासून टेपने ५० मीटर मोजून दुसरी खुंटी ठोकायची आणि दोन्ही रेषा नकाशावर उतरवून प्रभाग कार्यालयात आणि तलावाकाठच्या फलकावर लावायच्या. सर्वेक्षकांच्या एका पथकाचे थोड्या दिवसांचे काम. मग पुढच्या सायकल ट्रॅकवाल्याला, उद्यानवाल्याला किंवा कारंजेवाल्याला पहिला प्रश्न विचारायला वकील लागणार नाही: तुमची वाट दुसऱ्या खुंटीच्या अलीकडे आहे की पलीकडे?